आहेराचे टॉवेल आणि आबांची मेंढरं

छप्पर या वस्तूचा माझ्या मोठ्या साडूंइतका राग करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. कुणाचं भावाशी वैर असतं, कुणाचं शेजाऱ्याशी; आमच्या साडूंचं पत्र्याशी, कौलांशी आणि विशेषकरून सिमेंटच्या स्लॅबशी आहे. (भावाशीही होतं, पण ते पुढे येईल.) सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. साक्रीच्या पुढे, जिथे डोंगर हळूहळू डोकं वर काढायला लागतात तिथे त्यांचं शेत आहे. शेतात घर आहे, घराला पडवी आहे, आणि त्या घरात माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, एकटी झोपते. आबा अंगणाच्या पलीकडे, निंबाखाली, गाईगुरांच्या आणि मेंढरांच्या मधोमध खाट टाकून बारा महिने उघड्यावर असतात. कुणी विचारलंच तर सांगतात, "देवनी एवढं मोठं आभाय करेल शे. त्यान्हा खाले पत्रा ठोकना मंजे देवनी चूक काढनी." यावर देवाची बाजू घेऊन बोलायची सोय नसते आणि पत्र्याची बाजू घ्यायला कुणी धजत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

आबांची नोकरी रेल्वेत गेली. भुसावळला मुक्काम आणि मालगाडीवर गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला मागे एक उघडा ओटा असतो, त्या ओट्यावर उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं आणि तिथेच त्यांना उघड्याची चटक लागली असं माझं मत आहे. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये ते झोपायला कधी आत गेलेच नाहीत. ड्यूटीवरून आले की अंगणात खाट टाकायचे. नवीन लग्न झालेलं, नवरा रोज बाहेर. कॉलनीतल्या बायकांनी व्हायचा तो अर्थ काढला. सकाळी नळावर एकेक जण अक्काचा हात हातात घेऊन म्हणायची, सगळ्यांकडे असंच असतं गं, होईल नीट. एकीने तर कुठल्याशा देवाचा अंगारा आणून दिला. अक्काने तो घेतला, खाटेच्या पायाला लावला आणि आबांना काही सांगितलं नाही. ही हकीकत तिने माझ्या बायकोला सांगितली तेव्हा तिला सून आली होती.

धुळ्याला आमच्याकडे आबा येतात तेव्हा आमची फार तारांबळ होते. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. आबा जिन्यातून थेट गच्चीवर जातात, पाण्याच्या टाकीशेजारी बैठक मारतात आणि माझी बायको ताट घेऊन वर जाते. त्यांना चष्मा हवा होता तेव्हा माझ्या दुकानात पाऊल ठेवायला ते तयार नव्हते. माझं चष्म्याचं दुकान म्हणजे तशी छोटीशी जागा, पण तिला छप्पर आहे, त्याला माझा इलाज नाही. शेवटी मी अक्षरांचा तक्ता दुकानाच्या शटरला टांगला आणि आबा रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभे राहिले. मधून रिक्षा गेली की ते थांबायचे आणि रिक्षावर मागे लिहिलेलं वाचून दाखवायचे. तेही मी धरलं. नंबर बरोबर निघाला आणि तो चष्मा त्यांना आजही चालतो.

निवृत्त झाल्यावर ते गावी आले आणि जनावरं पाळायला लागले. आधी गाई, मग एक म्हैस, मग मेंढरं. मेंढरं हा काही आमच्या घरातला वंशपरंपरेचा धंदा नव्हे. शेतातून मेंढपाळांचे कळप जायचे, दोन दिवस वावरात बसायचे, खत टाकायचे आणि पुढे निघायचे. हे बघून आबांना त्यांचा हेवा वाटायला लागला. मेंढरांना घर नसतं आणि कुणी त्यांना त्याबद्दल बोलत नाही, हे त्यांच्या मनात भरलं. मग एक एडका आला, चार मेंढ्या आल्या, आणि पुढचं काम एडक्याने केलं. सगळा संसार त्यांनी रेल्वेच्या शिस्तीत बसवला. म्हशीचं नाव मालगाडी. उनाड कालवड मेल. सगळ्यांत म्हातारी गाय, जी प्रत्येक झुडपापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नसे, ती पॅसेंजर. एडका इंजिन, आणि मेंढ्या सगळे डबे. गळ्यात शिट्टी, काखेत हिरवं आणि लाल निशाण. शिट्टी वाजली की कळप निघायचा. रस्ता ओलांडताना ते लाल निशाण दाखवून साक्रीची एसटी उभी करायचे. एकदा कंडक्टर खाली उतरला आणि म्हणाला, "आबा, सिग्नल कधी पडस?" आबा म्हणाले, "शेवटला डबा गया का पडी." आणि पडला.

रोज संध्याकाळी कळप परत आला की आबा शेवटचं जनावर आत घेतात, काट्यांचं कुंपण लावतात आणि अंगणातून घराकडे तोंड करून एक हाक देतात: "बठ्ठा शेतस." म्हणजे सगळे आहेत. घरातून अक्का म्हणते, "हां." एवढंच. गाडी मुक्कामाला पोचली की गार्ड जसा कुणाला तरी सांगतो तसं. पाहुण्यांच्या देखत, भांडण चालू असताना, अक्का तोंडात घास घेऊन बसलेली असताना, ही हाक आणि तिचं उत्तर मी कधी चुकलेलं पाहिलं नाही. दिवसभर दोघं एकमेकांशी बोलत नसली तरी एवढं बोलणं व्हायचंच.

मुलगा नाशिकला. त्याने आईवडिलांसाठी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे शेतात जनावरांसाठी पत्र्याचा झकास गोठा बांधून दिला, आणि दुसरी म्हणजे स्वतःच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी ठेवली. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आणि इमारत सात मजल्यांची. आबा एकदाच तिथे गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. "एक मानूसना डोकावर चार छप्पर," ते मला म्हणाले, "मी काय पाप करं?" गोठ्यात त्यांनी एक शेपूटही बांधलं नाही. तिथे अक्काने कडबा ठेवला, कुरडया वाळवल्या, झोका टांगला. मी एकदा आबांना कोंडीत पकडायचं म्हणून विचारलं, पावसात तुम्ही डोक्यावरून घोंगडी घेता, ते छप्पर नाही का? आबांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं. "घोंगडी कोठे छप्पर शे, साडूभाऊ? ती ते मेंढीच शे. फक्त चारी पाय नहीत."

तर त्या वर्षी दिवाळीला मुलगा आला होता, आम्हीही होतो, आणि जेवणं झाल्यावर अक्काने अंगणात उभं राहून सगळ्यांच्या देखत फर्मान काढलं. आबांना खोकला होता. पावसाळाभर उघड्यावर झोपल्याने छातीत घरघर वाजायची, अंगणातली शिट्टी हल्ली अर्ध्यात तुटायची. अक्का म्हणाली, "या हिवायामा एक बी ढोर, एक बी मेंढी गयी, ते बठ्ठं बजारमा अन् आपुन दोन्ही नाशिकले." आबांनी एकदा जनावरांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे आणि म्हणाले, "कबूल. गार्डना शब्द शे." हिवाळ्यात जनावराला काय होतंय, कोरडी थंडी आणि स्वच्छ आभाळ, असा त्यांचा हिशेब. मुलगा खुशीत नाशिकला गेला आणि त्याने खोलीला रंग दिला.

आता इथे आबांची ती चूक सांगायला हवी, जी त्यांच्यासारखा माणूसच करू शकतो. दिवाळीच्या आसपास मेंढ्या कातरणारे येतात. ते आले तेव्हा ऊन कडक होतं, म्हणून ते गोठ्याच्या सावलीत कातऱ्या घेऊन बसले. आबा म्हणाले बाहेर बसा. ते म्हणाले ऊन लागतंय. आबा म्हणाले, "छपरखाले कातरेल मेंढीले लोकर लवकर येत नही." त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या मेंढ्या कातरल्या होत्या, पण हा नियम त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. ते उठून पुढच्या गावाला गेले आणि सगळीकडचं उरकून पुन्हा आले ते मार्गशीर्ष लागल्यावर. तेव्हा थंडी पडली होती, त्यामुळे ते आपण होऊनच उन्हात बसले. आबा जिंकले. सगळ्या मेंढ्या सोलून काढलेल्या बटाट्यासारख्या झाल्या, आणि त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं.

तसा अवकाळी आमच्याकडे नवा नाही. येतो, हरभऱ्याचं नुकसान करतो आणि जातो. पण त्या वर्षी तो आला आणि राहिला. ऊन नावाची गोष्ट दिसेना. धुळ्यात लोक स्वेटरवर रेनकोट घालून फिरत होते आणि माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी काचा पुसायला फडकं मागायचं. अशात एक दिवस सकाळी अक्काचा माझ्या बायकोला फोन आला. "घरमा जेवढा आहेरना टॉवेल शेतस, तेवढा बठ्ठा ली ये." एवढे टॉवेल एकदम लागतात ते दुखवट्यालाच, म्हणून बायकोचा चेहरा पांढरा पडला. "कोन गयं, अक्का?" पलीकडून अक्का म्हणाली, "कोनी जावाले नको म्हनीसन सांगस," आणि फोन ठेवला.

आहेराचे टॉवेल म्हणजे काय हे खानदेशाबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं भाग आहे. आमच्याकडे लग्नात पुरुषमाणसाचा मान टॉवेल-टोपीने करतात. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी. तो टॉवेल अंग पुसण्यासाठी नसतो. पुसायला घेतलाच तर तो पाणी टिपत नाही, इकडचं तिकडे सारतो. तो घरी न्यायचा, ट्रंकेत ठेवायचा आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचा. असा एकेक टॉवेल दहा-दहा लग्नं फिरतो आणि त्याची घडी मोडत नाही. प्रत्येक घरात अशी एक ट्रंक असतेच. आमच्या ट्रंकेतले सगळे टॉवेल आम्ही गाडीत भरले, वाटेत बायकोच्या मावशीकडून तिची ट्रंक रिकामी करून घेतली आणि साक्रीच्या रस्त्याला लागलो.

शेतात पोचलो आणि मी गाडीतच बसून राहिलो. समोर पावसात साऱ्या मेंढ्या अंगाला टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. टॉवेलवर खताच्या रिकाम्या गोण्या फाडून सुतळीने बांधलेल्या. खाली गुलाबी, पोपटी, पिवळा असा टॉवेलांचा काठ, वर युरियाचं नाव, आणि सगळ्यांचे चेहरे पंगतीत कुणी बसा न म्हटलेल्या वऱ्हाडासारखे. आबा चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतून एकेकीला पुसत होते. ओला टॉवेल काढायचा, कोरडा बांधायचा, वरून गोणी. अक्का पडवीत चुलीसमोर बसून ओले टॉवेल शेकून शेकून वाळवत होती. एक जनावर गेलं की आपल्याला नाशिकला जाता येईल असं हिनेच सांगितलं होतं, आणि हिनेच स्वतःची ट्रंक पहिल्यांदा उघडली होती. माझ्या बायकोने तसं म्हटलं तेव्हा अक्का म्हणाली, तू टॉवेल धर.

मी आबांना म्हणालो, आता तरी गोठ्यात घ्या. आबांनी मला हाताला धरून गोठ्यापाशी नेलं. त्यांच्या छातीतली घरघर पावसाच्या आवाजातही ऐकू येत होती, पण चेहऱ्यावर असा आनंद की मला राग आला. गोठा मुलाच्या ठेकेदाराने नेमका शेताच्या सखल कोपऱ्यात बांधला होता आणि आत गुडघाभर पाणी होतं. अक्काचा झोका पाण्याला टेकला होता. "देखं का?" आबा म्हणाले. "वर छप्पर, खाले समुद्र. हाई छपरनी कमाई." एवढं म्हणून त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ते खांबाला धरून बराच वेळ उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, पाणी वरून लागतंय त्याचं काही नाही, खालून लागतंय ते वाईट. काळी जमीन, चिखल हटत नव्हता, मेंढ्यांच्या खुरांत घाण साचायला लागली होती आणि दोघी सकाळपासून बसल्या त्या उठत नव्हत्या. बसलेली मेंढी चिखलात गार पडते आणि मग उठत नाही. पॅसेंजर तर उभी राहायलाही कंटाळली होती. जागा कोरडी हवी होती, उंच, मुरमाड. अशी जागा साऱ्या शिवारात एकच होती, बांधाच्या पलीकडची बरड, आणि ती होती आबांच्या धाकट्या भावाची.

या भावाला नाना म्हणतात. त्यांच्या वैराचं मूळही टॉवेलातच होतं. नानांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी आबांना टॉवेल-टोपी दिली. तो टॉवेल अक्काच्या ट्रंकेत गेला. पुढे आबांच्या मुलाच्या लग्नात ट्रंक उघडली, आणि नशिबाची गोष्ट अशी की नानांच्या खांद्यावर पडायला नेमका तोच टॉवेल वर आला. त्याच्या कोपऱ्याला हळदीचा एक डाग होता. भर मांडवात नानांनी तो टॉवेल उलगडला, डाग उजेडात धरला आणि चार पाहुण्यांना दाखवला. त्यातच टोप्या संपल्या होत्या, त्यामुळे टोपी मिळालीच नाही. स्वतःचाच टॉवेल आणि डोकं उघडं! नाना न जेवता गेले. त्या दिवसापासून दोन्ही भाऊ बांधाच्या दोन्ही बाजूंनी शेती करत होते आणि एक औत जुंपायचा तेव्हा दुसरा सोडायचा.

दुपारी आबांनी अक्काला विचारलं की हळदीच्या डागाचा टॉवेल कुठे आहे. अक्का उठली आणि तिने तो काढून दिला. तिने तो बाजूलाच ठेवला होता. आबांनी तो इंजिनाच्या, म्हणजे एडक्याच्या पाठीवर घातला. मग त्यांनीच आम्ही मावशीकडून आणलेल्या गठ्ठ्यातून एक कोरी पांढरी टोपी घेतली, शिंगांच्या मधोमध बसवली आणि हनुवटीखालून सुतळीने बांधली. एडक्याचा चेहरा एकदम सरपंचासारखा झाला. आबांनी त्याला बांधावर उभं केलं, हिरवं निशाण दाखवलं आणि शिट्टी फुंकली. शिट्टी निम्म्यात तुटली, पण इंजिन निघालं. बरड चढून ते थेट नानांच्या दारात गेलं आणि उभं राहिलं.

नाना बाहेर आले. आम्ही बांधाच्या अलीकडे पावसात उभे. नानांनी एडक्याच्या भोवती एक चक्कर मारली, गोणी उचलली, टॉवेलाचा कोपरा धरला आणि डाग नीट पाहिला. माणसाचा चेहरा हसायच्या आणि चिडायच्या मध्ये अडकला की फार वाईट दिसतो. तिथूनच ते म्हणाले, "हाऊ टॉवेल मन्हा शे." आबा म्हणाले, "टॉवेल तुन्हा शे. टोपी मन्ही शे. नवी शे." नानांनी एडक्याच्या टोपीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "भाऊ, मान काय एडकाना हातघाई देतस? घरमा ये. मन्हा डोकावर तुन्हा हातघाई ठेव." हातघाई म्हणजे हाताने; भांडण त्यात नव्हतं.

नानांचं घर स्लॅबचं. वर आणखी एक मजला. आबा बांधावर उभे राहून त्या घराकडे असे बघत होते की मला त्यांची कीव आली आणि, खोटं कशाला बोलू, थोडं हसूही आलं. पावसाळ्यात, हिवाळ्यात, स्वतःच्या लग्नानंतर, मुलाच्या घरी, कुठेही जो माणूस छपराखाली टिकला नाही, त्याला भाऊ छपराखाली बोलावत होता, आणि मागे चिखलात टॉवेल गुंडाळलेली मेंढरं उभी होती. आबांनी मागे वळून पॅसेंजरकडे पाहिलं. मग निशाणं गुंडाळून काखेत मारली, चपला बांधावर काढल्या आणि गेले. दार चांगलं उंच होतं तरी आत जाताना त्यांनी मान खाली घातली. मीही मागे गेलो. मला हे चुकवायचं नव्हतं. दारातल्या एडक्याच्या डोक्यावरची टोपी आबांनी येतानाच सोडून घेतली होती, ती झटकली आणि नानांच्या डोक्यावर ठेवली. जरा तिरकी बसली, ती नीट केली. नानांच्या बायकोने चहा आणला. "बठ," नाना म्हणाले. आबा खाटेवर बसले, बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि बशी हातात तशीच धरून झोपी गेले. कितीतरी रात्री त्यांनी डोळ्याला डोळा लावला नव्हता. नानांनी बशी अलगद काढून घेतली, स्वतःची घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली, त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि डोक्यावर गोणी घेऊन बाहेर पडले. धाकट्याने शिट्टी फुंकली. मेंढ्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि चिखलातून निघाल्या. ज्या दोघी उठत नव्हत्या त्यांना मी आणि बायकोने उचलून नेलं. माझा शर्ट त्या दिवसापासून दुकानात घालायच्या लायकीचा राहिला नाही. गाई मागून आल्या. पॅसेंजर अर्थात प्रत्येक दगडापाशी थांबत आली.

आबा दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर जागे झाले. डोक्यावर पंखा आणि पांढरा स्लॅब बघून घाबरे झाले आणि म्हणाले, "कोनतं टेसन उनं?" नाना शेजारीच टोपी घालून बसले होते. म्हणाले, "शेवटलं. बठ्ठा डबा शेतस, भाऊ." त्या दिवशी बरडीच्या कुंपणावर सगळे टॉवेल वाळत पडले आणि गाव बघायला लोटलं. जो येई तो आपला टॉवेल ओळखे. हा आमच्या बबनच्या लग्नातला, हा आमच्या व्याह्यांचा, हा तर मी तुला दिला होता आणि तू म्हणालास उंदराने खाल्ला! एरवी यातून चार नवी वैरं उभी राहिली असती, पण मेंढीच्या अंगावरून उतरलेल्या टॉवेलावर हक्क सांगायला कुणी पुढे आलं नाही.

हिवाळा सरत आला. जनावरं सगळी वाचली, आबांचा खोकला तेवढा राहिला. माघात एक दिवस आम्ही सहज भेटायला म्हणून गेलो. दुपारी पोचलो तर निंबाखाली माती नवी दिसत होती आणि आबा तिच्याशेजारी बसले होते. पॅसेंजर सकाळी गेली होती. पावसाने नाही, थंडीने नाही. म्हातारी झाली होती, झोपेतच थांबली. पण आबांच्या लेखी शब्द तो शब्द. हिवाळा अजून संपला नव्हता. त्यांनी निशाणं धुऊन घडी करून ठेवली होती, शिट्टी त्यांच्यावर ठेवली होती, आणि मी पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना धोतराऐवजी विजार घालून बसलेलं पाहिलं. एक पिशवीही भरलेली होती.  अक्काने ती पिशवी पाहिली आणि ती पडवीत जाऊन तांदूळ निवडत बसली.

संध्याकाळी नानांनीच कळप आत घेतला आणि कुंपण लावलं. हाकेची वेळ झाली. अंगणातून हाक आली नाही.  तेवढ्यात मुलाचा नाशिकहून फोन आला. अक्काने तो उचलला. त्याने काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण अक्का पडवीच्या कडेला येऊन उभी राहिली, अंगणाकडे तोंड केलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात फोनमध्ये म्हणाली, "बठ्ठा शेतस."

 मग निंबाखालून आबा म्हणाले, "हां."

दुसऱ्या दिवशी आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले तेव्हा धोतर नेसून आले होते. काचेपाशी वाकून मला म्हणाले, "साडूभाऊ, तुमनी अक्का मन्हासाठे खोटं बोलनी." हे त्यांनी असं सांगितलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत हा माणूस कशाने हरला असेल तर त्या एका खोट्याने. परतफेड म्हणून त्यांनी खाट हलवली. आता ती अशी ठेवतात की डोकं पडवीत आणि पाय अंगणात. अक्काची खाट आतल्या बाजूला. हे छपराखाली झोपणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि अक्का त्यावर वाद घालत नाही.

यंदा त्यांनी निम्म्या मेंढ्या विकल्या. गुडघे साथ देत नाहीत आणि शिट्टी आता बहुतेक वेळा नानाच वाजवतात. नाशिकची खोली तशीच रिकामी आहे. कधीतरी ती भरेल, हे आम्हा सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही. परवा आमच्या शेजाऱ्यांच्या घरी लग्न होतं, मान करायचा म्हणून मी ट्रंकेतून एक टॉवेल काढला. बायकोने तो माझ्या हातातून घेतला, वास घेतला, पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, बाजारातून नवा आणा, हे राहू द्या, हिवाळ्यात पाऊस आला तर लागतील.